लिफ्टवाल्याचा मोबाईल

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
आजपासून रोजनिशी. धंद्यातल्या माणसाने आपले निर्णय लिहून ठेवावेत. निर्णय पहिला: महिनाअखेर माझ्याकडे स्वतःचं आधुनिक फोनचं साधन असेल. कुठलं, ते अभ्यास करून ठरवणार.

कारण. काल दुपारी डोंबिवलीत आपल्या मेंटेनन्सची एक लिफ्ट अडकली. 'नवरे लिफ्ट सर्व्हिस, नौपाडा' ह्या माझ्या कार्डावर जो नंबर आहे तो खालच्या पिठाच्या गिरणीचा. पुढे बारीक अक्षरात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. गिरणीवाल्या आवडाबाई पिठाने माखलेल्या अवस्थेत रस्त्यात उभ्या राहिल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, मधुभाऊ, तुमचा माणूस डोंबिवलीत लटकलाय. समोरच्या तिन्ही बिल्डिंगा गॅलरीत आल्या. मी पँट चढवेपर्यंत दामाजी निघूनही गेला होता. दामाजी म्हणजे माझा स्टाफ.

५ फेब्रुवारी
कल्याणला जाऊन आलो. स्कूटरवरून, कमरेची वाट. चंद्रभागा कॉम्प्लेक्स: चार बिल्डिंगा, आठ लिफ्टा. सेक्रेटरी त्र्यंबक काळसेकर, रिटायर्ड हेडमास्तर. म्हणाले, आत्ताचा लिफ्टवाला दोन-दोन दिवस सापडत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत. हाक मारल्यावर ओ देईल असा माणूस हवा. गुढीपाडव्याला कॉन्ट्रॅक्ट देणार.

हे मिळालं तर चार मेकॅनिक, एक ऑफिस. नाही मिळालं तर... नाही मिळण्याचा प्रश्न नाही. कार्ड मात्र दिलं नाही. संपलीत असं सांगितलं. मग त्यांनी वहीत नंबर लिहून घेतला, तो गिरणीचाच द्यावा लागला.

९ फेब्रुवारी, रविवार
शंभर पानी वही आणली. तीन रकाने: पेजर, मोबाईल, साधा फोन. त्याखाली गुण, दोष, भविष्यकाळ. दिवसभर रेघा आखल्या. बायकोने, म्हणजे शालनने विचारलं, आज डोंबिवलीला ग्रीसिंग होतं ना. दामाजी गेलाय, असं सांगितलं. मालकाने विचार करायचा असतो, हे हिला सांगून उपयोग नाही.

१२ फेब्रुवारी
सहा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या घरच्या फोनचं पत्र आलं. मार्च दहाच्या आत डिपॉझिट भरा. शालन पत्र देवापुढे ठेवून आली. म्हणाली, अहो, उद्याच भरून टाका. मी तिला शांतपणे समजावलं की वायरीचा जमाना संपत आलाय. लिफ्टवाला घरात नसतो, लिफ्टमध्ये असतो. ती म्हणाली, तुम्ही घरातच तर असता. विषय बदलला.

१४ फेब्रुवारी
झोप लागली नाही. पेजर की मोबाईल. पहाटे पेजर. चहानंतर मोबाईल. गोखले रोडच्या दुकानात गेलो तर विक्रेत्याने पेजर कमरेला लावूनच दाखवला. आरशात पाहिलं. डॉक्टर वाटलो.

घेतला.

१५ फेब्रुवारी
दिवसभर कमरेला. वाजला नाही. दर अर्ध्या तासाने बटण दाबून चालू आहे ना ते पाहिलं. संध्याकाळी स्वतःच गिरणीतून पेजर सेंटरला फोन करून स्वतःला मेसेज पाठवला: गुड इव्हिनिंग. आला. तंत्र मजबूत आहे.

२० फेब्रुवारी, दुपार
काळसेकरांना नवीन नंबर कळवला होता. आज त्यांचा पहिला मेसेज. ऑपरेटरला मराठी फारसं येत नसावं. इंग्रजी अक्षरांत आलं: दारू घडत नाही, काळसेकर.

विचार केला. हेडमास्तर माणूस. आडून विचारतोय, मी घेतो का. उत्तर लेखी द्यायला हवं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
दोन फुलस्केप लिहिले. 'मी जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही' अशी सुरुवात. (मेव्हण्याच्या हळदीचा प्रसंग गाळला.) पोस्टात टाकून परत येतो तर दामाजी जिन्यात बसलेला, हात ग्रीसने काळे. कल्याणहून आला होता. चंद्रभागामध्ये बी विंगच्या लिफ्टचं दार उघडत नव्हतं. जुन्या लिफ्टवाल्याचा पत्ता नाही, माझ्या पेजरला निरोप देऊन तास झालेला, म्हणून काळसेकरांनी शेवटी गिरणीत फोन केला. आवडाबाईंनी दामाजीला तलावाच्या घाटावर शोधून काढला.

दार उघडत नाही. ठीक आहे. पण मग माझं पत्र.

२२ फेब्रुवारी
काळसेकरांचं पोस्टकार्ड आलं. 'आपल्या निर्व्यसनीपणाबद्दल अभिनंदन. दार दुरुस्त झाले.' चांगलं इम्प्रेशन पडलंय.

२५ फेब्रुवारी
पेजरमध्ये मूलभूत दोष आहे: तो बोलावतो, बोलू देत नाही. उत्तर द्यायला पुन्हा फोन शोधा. काल गोखले रोडवर वाजला तेव्हा तीन बूथ पालथे घातले, सुटी नाणी संपली. वहीत दोषाच्या रकान्यात लाल शाईने नोंद. पेजर दामाजीला दिला. त्याने गिरणीतल्या खिळ्याला टांगला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, आवडाबाईंनाही नाही. गिऱ्हाइकं वाचून दाखवतात.

निर्णय पक्का: मोबाईल.

४ मार्च
मोबाईल महाग आहे हे मान्य. स्कूटर विकली. ह्यामागे तर्क आहे. ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याला धावपळ करावी लागत नाही. शालनला तर्क सांगितला. ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

६ मार्च, सकाळी १०.४०
आला. काळा, वजनदार, एरिअल ओढता येतं. खिशात मावत नाही, शर्ट एका बाजूला लोंबतो. त्यामुळे हातातच धरावा लागतो. ते बरंच.

६ मार्च, रात्री
रेंज घरात नाही. गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात आहे, तीही कुंडी सरकवून तिथे उभं राहिलं तर. दुकानदार म्हणाला, ठाण्यात वाढेल. कल्याणला? म्हणाला, लवकरच. लवकरच म्हणजे पाडव्याआधी, असं मी धरतो.

८ मार्च
येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात हे दुकानदाराने बहुधा सांगितलं होतं. मी तेव्हा एरिअल बघत होतो. डोंबिवलीचे एक गृहस्थ लिफ्टच्या आवाजाचं वर्णन करण्यासाठी अकरा मिनिटं बोलले. आवाजही काढून दाखवला.

९ मार्च, रविवार
उपाय सापडला. सर्व गिऱ्हाइकांना छापील परिपत्रक: फोन उचलला जाणार नाही, रिंगा मोजल्या जातील. एक रिंग: किरकोळ काम. दोन: लिफ्ट बंद. तीन: आत माणूस. चार: आत माणूस आणि घाबरलेला. बिनखर्ची पद्धत आहे. पेटंटचं बघायला हवं.

१० मार्च
डिपॉझिटची शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचला शालनने देवापुढचं पत्र उचललं, घडी केली आणि कपाटात ठेवलं. बोलली असती तर मुद्दे तयार होते.

१५ मार्च
सकाळपासून गॅलरीत. नऊ वाजता सहा रिंगा. कोडमध्ये सहा नाहीत. दोन आणि चार? तीन आणि तीन? दोन ठिकाणी माणसं अडकली की एकाच ठिकाणी दोन? दामाजीला विचारायला खाली गेलो, तर आवडाबाई म्हणाल्या तो गेला, फोन आला होता. सगळी गिऱ्हाइकं अजून गिरणीतच फोन करतात. परिपत्रकाचं काय केलं असं एकाला विचारलं, तर तो म्हणाला, वाचलं, मजा आली.

आवडाबाईंच्या फोनशेजारी एक पाटी आहे. त्यावर खडूने दामाजी आज कुठल्या सोसायटीत, किती वाजता, तिथला फोन नंबर काय. अगदीच जुनाट पद्धत. पुसलं की गेलं.

२४ मार्च
बेचैनी. फोन धरून धरून उजवा खांदा दुखतो. काळसेकरांकडे रविवारी डेमो ठेवलाय. कमिटीसमोर मोबाईल दाखवून कॉन्ट्रॅक्ट खिशात घालायचं. भाषण तयार: 'आपण आणि मी ह्यांच्यात आता अंतर उरलेलं नाही.'

३० मार्च, रविवार. घडलं तसं लिहितो
कल्याणला ट्रेनने गेलो, रिक्षा केली, साडेदहाला पोचलो. कमिटी सहाव्या मजल्यावर. मोबाईल हातात धरून सी विंगच्या लिफ्टमध्ये शिरलो. काळसेकरांच्या सासूबाई, भीमाबाई, ऐंशीच्या पुढच्या, भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे लिफ्ट थांबली.

मी म्हटलं, आजी, काळजी करू नका, मीच लिफ्टवाला. त्या म्हणाल्या, मग चालव. मी मोबाईल काढला. रेंज नाही. एरिअल जाळीच्या दारातून बाहेर काढलं. नाही. उंच धरलं, खाली बसून धरलं. भीमाबाई शांतपणे बघत होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, जाळीला तोंड लावलं आणि एकच हाक मारली, जावईबापू. पाच मजले हलले असतील.

वरून काळसेकरांनी विचारलं, कोण आहे आत. त्या म्हणाल्या, मी आहे आणि तुमचा टेलिफोनवाला आहे.

त्यांनी गिरणीत फोन केला. हे मला वरून ऐकू आलं. आवडाबाईंनी पाटी बघितली असणार. दामाजी कामाला डोंबिवलीत होता. तिथून यायला अर्धा तास लागणार.

तो अर्धा तास. दिवा गेला. भीमाबाई घाबरल्या असतील म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. मी सांगितलं, बायको. त्यांनी विचारलं, ती तुझ्याशी बोलते का. मी म्हटलं, आधी बोलायची, आता कमी झालंय. त्या म्हणाल्या, श्वास सावकाश घे बाळा. मी घेतला. त्यांनी पिशवीतलं गाजर मोडून अर्धं दिलं.

दामाजीने वर मशीन रूममध्ये चाक हाताने फिरवून लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. दार उघडलं. भीमाबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर पडल्या.

डेमो झाला नाही. भाषण रिक्षात आठवलं.

२ एप्रिल
घरी सगळं सांगितलं. बोटांचं वगळून. शालनने ताटं उचलली. मग म्हणाली, अंधारात भीती वाटली का तुम्हाला. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, वाटली असेल तर सांगा. मी गॅलरीत रेंज बघायला गेलो. दिवे लागेपर्यंत तिथेच उभा होतो. फोन बंद होता, हे नंतर लक्षात आलं.

८ एप्रिल, गुढीपाडवा
काळसेकर स्वतः ठाण्याला आले. जिना चढून वर येतील म्हणून मी शर्ट बदलला. ते गिरणीतच थांबले. पंधरा मिनिटांनी आवडाबाईंनी साखरेच्या गाठी वर पाठवल्या.

कॉन्ट्रॅक्ट दामाजीला, त्याच्या नावाने. आठही लिफ्टा. त्याने काळसेकरांना आधी विचारलं म्हणे, की शेठना सांगितलं का. ते म्हणाले, त्यांना फोन लागत नाही.

१० एप्रिल
मोबाईल विकायला काढला. घेतला त्याच दुकानात. विक्रेता म्हणाला, मॉडेल जुनं झालं. पाच आठवड्यांत.

१३ एप्रिल, रविवार
दामाजी संध्याकाळी घरी आला. पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. शालनने चहा केला. म्हणाला, टिटवाळ्यालाही दोन नव्या बिल्डिंगा मिळतायत, एकट्याने होणार नाही. तुम्ही या. हात चांगला आहे तुमचा, पूर्वी तुम्हीच मला शिकवलंत. शालन माझ्याकडे बघत होती.

विचार करून सांगतो, असं म्हणणार होतो. तोंडातून 'किती वाजता' असं निघालं.

सकाळी सहाची गाडी, सात वाजता कल्याण स्टेशनबाहेर. उशीर नको. जुने कपडे घाला, ग्रीसचं काम आहे. जाताना दारात थांबून म्हणाला, शेठ म्हणायची सवय जायला वेळ लागेल, तोवर चालवून घ्या.

शालन डब्याचं विचारतेय. गजर पाचचा लावला.