मुलाची दारू सुटली त्याची हकिकत

सोमवार, ३ मार्च
आज आनंदी आनंद! मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. गाल भरलेत, हात थरथरत नाहीत, चहा न सांडता प्यायला. सूनबाई आमच्या पिटुकलीला घेऊन माहेरी गेलीय. फोनवर म्हणाली, रविवारी येते, घरात बाटली दिसली नाही तरच नातीला इथे ठेवीन. म्हटलं, ये गं बाई, कोपरान्‌कोपरा बघ! या आनंदात दोन झाकणं खोकल्याचं औषध घेतलं. खोकला नव्हता, पण यायच्या आधीच घेतलेलं बरं.

मंगळवार, ४ मार्च
केंद्रात नातेवाइकांची मीटिंग. तिथल्या मॅडम फार गोड, नाक थेट माझ्या धाकट्या बहिणीसारखं. व्यसनी माणूस कसा ओळखायचा ते सांगितलं. बाटल्या लपवतो, दुकानं बदलतो, विचारलं की चिडतो. पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण हे झालं. आता मुलावर नजर ठेवणार.
येताना कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणाला, आजी, परवाच बाटली नेलीत, आता डॉक्टरची चिठ्ठी आणा. मेला आगाऊ! मागच्या गल्लीतल्या दुकानात गेले. तो काही विचारत नाही. गुणाचा पोरगा.

गुरुवार, ६ मार्च
मुलाची गादी उलटली, बुटांत हात घातला. काही नाही! मॅडम म्हणाल्या होत्या, सोबत म्हणून घरच्यांनीही काहीतरी सोडा. मी औषध सोडलं. मला काय, चुटकीसरशी.

संध्याकाळी
दरदरून घाम, नाक गळतंय, पाय स्वस्थ बसू देत नाहीत. हवा बदललीय. आजारपणातलं धरत नाहीत म्हणून चमचाभर घेतलं. चमचा सापडेना, मग कपाने घेतलं.

शनिवार, ८ मार्च
बाटल्या साखरेच्या डब्यात ठेवल्या. लपवल्या नाहीत हं, उगाच सूनबाईचा गैरसमज नको. मुलगा म्हणाला, आई, डोळे असे का तारवटलेत? अशी झापली त्याला! म्हटलं, तू मला शिकवणार? बिचारा मुकाट्याने भांडी घासायला लागला.

रविवार, ९ मार्च
पिटुकली आली ती गळ्यातच पडली! सूनबाईने कपाटं पाहिली, नवऱ्याचं तोंडसुद्धा हुंगलं. पास! मग पोरीच्या दुधात साखर घालायला डबा उघडला.
म्हणाली, दारू सुटली, तर आता औषधाची नशा? मुलगा म्हणाला, माझ्या नाहीत. ती म्हणाली, मग काय आईंच्या? तो माझ्याकडे बघत राहिला. मी बोलणारच होते, पण पिटुकली समोर होती. सूनबाईने पोरीला चपला घातल्या, दाराची कडी काढली. तेव्हा म्हटलं, माझ्या आहेत. खोकल्याच्या आहेत गं!
ती म्हणाली, आई, तुम्हाला खोकला कधी होता?

मंगळवार, ११ मार्च
नात घरी राहिली एकदाची! सूनबाईही. मी इथे केंद्रात आहे. इतरांना धीर द्यायला मॅडमनी ठेवून घेतलंय, खाटही खिडकीजवळची दिली. पिशवी मात्र त्यांनी दोनदा तपासली. मुलाला म्हटलं, भेटायला येताना पिटुकलीला आण. लहान मुलांना आत घेत नाहीत म्हणे. आजी गावाला गेलीय असं तिला सांगितलंय.