डाव्या सीटची कड

प्रिय ऋतुजा,

तू खाली मेंदी काढून घेतेयस आणि मी गच्चीत बसून हे लिहितोय. बाप असून तोंडाने सांगायची हिंमत नाही.

तुझ्या सासरची जुनी फियाट आपल्याच दुकानात सीटांना नवी कव्हरं करायला आली, तेव्हा तू केवढी खूश होतीस! वरातीला हर्षल स्वतः चालवणार, तू शेजारी बसणार.

आमच्या धंद्यात पुष्कळजण जुनं कव्हर न काढता त्याच्यावरच नवं चढवतात. त्या डाव्या सीटवरही एकावर एक तीन कव्हरं निघाली आणि तिन्ही एकाच जागी फाटलेली. बसणाऱ्याचा हात पोचतो त्या खालच्या कडेला, नखांनी ओरबाडल्यासारखी. तिथे आयुष्यभर तुझी होणारी सासू बसली. मी मनाला समजावलं, उंदरांनी कुरतडलं असेल.

आज हर्षल गाडी न्यायला आला. मला शेजारी बसवून गंगापूर रोडला निघाला. समोरून ट्रक येत होता, तरी हा बाजूला घेईना. मी ओरडलो, तसा त्याने हसत आणखी दामटली.

"घाबरलात का मामा? आमचे पप्पा आईला असंच फिरवायचे. ती रडायला लागली की आम्ही मागे बसून लय हसायचो."

दुकानापाशी उतरलो आणि नव्या सीटकडे पाहिलं. त्याच कडेला माझ्या नखांचे ओरखडे होते.

उद्या तिथे तू बसशील. खालून तुझं हसू ऐकू येतंय, आणि हा कागद घेऊन माझ्याच्याने जिना उतरवत नाही.

तुझा भेदरलेला,
पप्पा