इंटरव्हलपर्यंतचं सगळं मैत्रीला

मी, संघर्ष धोंडीबा ओव्हाळ, वय २७, धंदा सध्या काही नाही, राहणार कासारवाडी, स्टेशनच्या मागची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आज रविवारी सकाळी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत, कोणीही मानगूट धरलेली नसताना, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे.

कारण असं, की येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. संमतीच्या कागदावर सही घेताना डॉक्टर म्हणाले, "शंभरातले पंच्याण्णव नीट घरी जातात." उरलेल्या पाच जणांचं विचारणार होतो, पण ते घड्याळ बघत होते. त्या कागदात सगळं दवाखान्याच्या बाजूचं होतं. आपल्या बाजूचं आपणच लिहावं, म्हणून हा कागद.

तळमजल्यावरचे मारुतराव जुन्या थेटरात पिच्चरचं मशीन चालवायचे. ते थेटर बंद पडलं, मारुतराव अजून चालू आहेत. ते म्हणाले, "साक्षीदार दोन पाहिजेत. आणि ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीला घ्यायचं न्हाई." माझं पोस्टरांचं भेंडोळं मी त्यांनाच देणार होतो. आता ते साक्षीदार झाले. काका, माफ करा.

कलम १. घर पप्पांच्या नावावर आहे, त्यामुळं माझ्याकडं देण्यासारखं घर नाही. बँकेत जे काही असेल ते आईला, कस्तुरा धोंडीबा ओव्हाळ यांना. बघून नाराज होऊ नये.

कलम २. मोटरसायकल धाकटी बहीण मैत्री हिला. तिला हिंजवडीला कंपनीची कॅब आहे, पण कॅबमध्ये बसताना माणूस तरुण असतो आणि उतरताना पेन्शनला आलेला असतो. गाडी पहिल्या गिअरला अडकते. शिव्या देऊ नयेत, क्लच दोनदा दाबावा.

कलम ३. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, पप्पांना परत. मी आयटीआयला लागलो तेव्हा त्यांनी स्वतःचं दिलं होतं, कातडी पाकिटासकट. आयटीआय मी एका वर्षात सोडलं. मग चाकणला एका कंपनीत लाइनवर उभा राहिलो, दिवसभर डाव्या दरवाज्याचे तेच चार बोल्ट. ते सोडून कुरिअर. मग लग्नातल्या लायटिंगवाल्याबरोबर नगर, नाशिक, पार नांदेडपर्यंत फिरलो. नांदेडला एक थेटर आहे, तिथं बाल्कनीत अजून लाकडी खुर्च्या... ते राहू दे. आई म्हणते, "ह्याला कुठं शेवटपर्यंत बसवतच न्हाई." तिला माहीत नाही ती किती खरं बोलते. कलम ५ पाहावे.

कलम ४. गेल्या दोन वर्षांत आलेल्या हिंदी आणि इंग्रजी पिच्चरांबद्दलची माझी मतं, हीच माझी कमाई, ती मी मैत्रीला देतो. पुढीलप्रमाणे.

हिंदीत हल्ली हिरो चहा पितानासुद्धा स्लो मोशनमध्ये पितो. कुऱ्हाड घेऊन येतो, रक्त पिचकारीनं मारल्यासारखं भिंतीवर उडतं, आणि आवाज एवढा की माझी झडप खुर्चीसकट हलते. आवाज कमी केला तर कळेल की आत काही चाललेलं नाही. गुप्तहेरांचे पिच्चर चांगले असतात, पण जगातले सगळे हेर एकाच हापिसात कामाला आहेत आणि कुणाची शिफ्ट कधीच संपत नाही. भुताच्या पिच्चरांत भूत नवीन, विनोद शिळे. कारखाना दाखवतात तेव्हा कामगारांचे हात स्वच्छ असतात. हे पप्पांना सांगितलं की ते डावा हात वर करून दाखवतात. बोटं साडेचार आहेत.

इंग्रजी पिच्चर मी हिंदीत डब केलेले बघतो. दुसऱ्या ग्रहावरचा राक्षस मुंबईच्या टपोरीसारखा बोलतो, त्यामुळं भीती वाटत नाही, ओळख वाटते. त्यांच्या महाबली लोकांचं बिघडलंय ते एवढंच, की एका जगात मेला की शेजारच्या जगातून दुसरा तोच आणतात. मेल्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. शेजारच्या जगातून माणूस आणायची सोय कासारवाडीला नाही.

मोठ्या माणसांच्या आयुष्यावर निघालेले पिच्चर पुष्कळ पाहिले. सगळ्यांचं बालपण मला पाठ आहे. पोरगं अनवाणी पळत असतं, पळता पळता मोठं होतं आणि इंटरव्हल. पुढं ते जिंकलं की नाही, माहीत नाही. जिंकलं असणार, नाहीतर पिच्चर कशाला काढतील.

वरील सर्व मतं फक्त इंटरव्हलपर्यंतची समजावीत.

कलम ५. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट लिहितो.

पप्पा भोसरीत प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. पिच्चर लागतो शुक्रवारी, आम्ही बघायचो पुढच्या गुरुवारी, उतरायच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत आख्ख्या गल्लीला शेवट माहीत झालेला असायचा. म्हणून पप्पांचा नियम होता, "ह्या घरात शेवट कुणी सांगायचा न्हाई." दुसरा नियम, पिच्चर चालू असताना फोन बंद.

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी आम्ही दोघं जाणार होतो. पप्पा म्हणाले, "डोकं जड झालंय. तू जा. तिकीट वाया कशाला? इंटरव्हलला फोन कर, कुठवर आलंय सांग." इंटरव्हलला मी मक्याच्या लाह्यांच्या रांगेत उभा होतो आणि पुढच्या माणसाशी वाद घालत होतो, की खरा खुनी वकील आहे. फोन खिशात बंद. पप्पा त्याच वेळी मोरीत पडले. आई तेव्हा हिंजवडीच्या एका कंपनीत कॅन्टीनला कामाला होती, मैत्रीही तिकडंच. मी पूर्ण पिच्चर बघून, खुनी वकीलच निघाला म्हणून खुशीत घरी आलो. ते मोरीतच होते. डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, "थोडं लवकर आणायला हवं होतं." एवढंच म्हणाले.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, "मग?"

तेव्हापासून मी दर गुरुवारी थेटरात जातो, इंटरव्हलला बाहेर येऊन घरी फोन लावतो, आई "हाय, बरं हाय," म्हणते, आणि मला परत आत जाता येत नाही. पाय दारापर्यंत जातात. मग मी पार्किंगमध्ये गाडीवर बसून उरलेला पिच्चर बनवतो आणि संध्याकाळी पप्पांच्या उशाशी बसून सांगतो. ते माझा हात धरतात. मी थांबलो की "मग?"

माझ्या उत्तरार्धात कुणीच मरत नाही. हिरोची आई बरी होते. लंगडा पळतो. अंथरुणावरचा उठून दारापर्यंत चालत येतो. असं एका पिच्चरमध्ये चाललं असतं. शंभर पिच्चर मी असेच संपवले. दिवाळीच्या आधी एकदा असाच एक म्हातारा खाटेवरून उठवला, तर पप्पांनी माझा हात सोडला आणि तोंड भिंतीकडं केलं. "मग?" म्हणाले नाहीत.

परवाच्या गुरुवारी इंग्रजी पिच्चर होता. बाप बिघडलेल्या यानात अडकलाय आणि मुलगी खाली जमिनीवरून रेडिओवर त्याच्याशी बोलतेय. फार काही घडत नाही, हाणामारी नाही, दोघं भाजी काय केली एवढंच बोलतात, पण थेटरात कुणी खोकलं नाही. मग रेडिओ बंद पडतो. इंटरव्हल.

घरी येऊन तिथपर्यंत सांगितलं.

"मग?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, पप्पा. मी इंटरव्हलला उठतो. दोन वर्षं उठतोय. बाकीचं सगळं मी माझ्या मनानं सांगत होतो."

 त्यांनी डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि पुन्हा म्हणाले, "मग?"

कलम ७ पाहावे. 

कलम ६. अजिंक्य, माझा लहानपणापासूनचा मित्र, याला मी काहीही देत नाही. हा पहिल्या दिवशी पिच्चर बघतो आणि दुपारपर्यंत शेवट स्टेटसला टाकतो. असे माझे सतरा पिच्चर त्यानं मारलेत. काल म्हणाला, "भावा, मला कायतरी ठेव की. हेल्मेट तरी." म्हणालो, "तुला ठेवलं तर साक्षीला कोण? आणि डोकं तुला आहेच कुठं?" तर हसणं सोडून माझ्या गाडीची हवा बघायला लागला. काही देत नसल्यामुळं तो साक्षीदार होऊ शकतो. काम मात्र देतो.

कलम ७. त्याच यानाच्या पिच्चरची, येत्या गुरुवारी दुपारी बाराच्या शोची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत. तो पिच्चर शुक्रवारी उतरतोय. मॉलला लिफ्ट आहे, चाकाच्या खुर्चीला पुढं जागा आहे, मी विचारून आलो. आमच्या जिन्याचं तेवढं काही करता येत नाही. अजिंक्यनं पप्पांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली न्यायचं. त्यानं उजवी बाजू धरावी, तिकडं पप्पांना तोल नाही. सोबतीला कुणी दोघं घ्यावेत. त्यानं पिच्चर पाहिलेला आहे, तेव्हा जिन्यात तोंड बंद ठेवावं. आत मैत्री पप्पांजवळ बसेल. तिला मी त्या दिवशी सुट्टी टाकायला लावली आहे.

बुधवारी माझं काहीही झालं तरी गुरुवार चुकवायचा नाही. मी गेलोच तर माती दुपारनंतर करावी. आई ओरडेल. तिला हे कलम दाखवावं.

यानातला बाप मेला तर मेला. पप्पांचे डोळे झाकायचे नाहीत, मधे उठायचं नाही. इंटरव्हलला दवाखान्यात फोन लावायचा नाही. नावं संपल्यावर एक छोटा सीन असतो म्हणतात, तोही बघून यावा.

आणि मी शुद्धीवर आलो, तर शेवट मला कुणी सांगायचा नाही.

हे मी वाचून, समजून, डाव्या हातानं छाती धरून सही करीत आहे. छाती दुखत नाही, सवय आहे.

सही
संघर्ष धोंडीबा ओव्हाळ

साक्षीदार
१. मारुतराव, तळमजला. चष्मा लावून वाचलं. माती दुपारनंतर, हे मला पटलेलं नाही, तरी सही केली.
२. अजिंक्य. उजवी बाजू धरतो. तोंड बंद ठेवतो.

ठिकाण: कासारवाडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार