बाहुलीच्या कानातलं नाव

पौष शुद्ध ३, शके १८६१. चारठाणा.
सेलूहून बैलगाडीनं सुखरूप पोचलो. मास्तरकी संपली, वजिफा म्हणजे पेन्शन सुरू झाली. आता आश्रुबाच्या कळसूत्री बाहुल्यांना गाणी रचून द्यायची. या वयात आणखी काय हवं! अंगणात पांगाऱ्याच्या ढलप्या, दोरीवर वाळणारे इवलेसे झगे. मी शाळेतल्या कविता म्हणतच जेवत होतो. आश्रुबाची बायको कडूबाई भाकर वाढताना म्हणाली, "गुरुजी, पोटात कविताच भरल्यात, का जागा हाय काई?"

पौष शुद्ध ५.
बाहुलीला नाव मेलेल्या माणसाचं देतात. नावाबरोबर स्वभाव येतो. येडबा नावाचा लाकडी कोतवाल खोटं बोलण्याआधी मान खाजवतो. खरा येडबाही खाजवायचा म्हणे. नाव कानात सांगायचं, पहिल्या खेळापर्यंत दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही. आश्रुबानं बजावलं, "जित्याचं नाव नगा देऊ. बाहुली त्याचं सगळं वढून घेती."

पौष शुद्ध ६.
पोराचं सोंग असलेल्या एका नव्या बाहुलीला नाव द्यायचा मान मला मिळाला. मी माझं लहानपणचंच सांगितलं : व्यंकू. आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नाही. पाटीदप्तर घेऊन पळणारा तो पोरगा केव्हाच मेला, नाही का?

पौष शुद्ध ९.
व्यंकू झकास नाचतो! लहानपणी मी घासायचो तसाच डावा पाय घासतो. सकाळी म्हणायला घेतलं, 'ओढ्याकाठी बाभळ पिवळी...' पुढची ओळ आठवेना. पन्नास वर्षं पाठ होती.

पौष शुद्ध ११. सकाळ.
कविता सगळ्या गेल्या. आईचा चेहराही. तेवढंच तर माझं होतं. बाहुलीला माझंच नाव दिलंय, एवढं आश्रुबाला सांगितलं. ज्यानं नाव दिलं त्यानंच ते उच्चारून परत मागायचं, म्हणाला. "मागा की आत्ता!" तोंड उघडलं. नाव — नाव आठवेना. पण वहीत आहे!

दुपार.
पान सापडलं. नाव समोर आहे, हात अजून सवयीनं लिहितोय, पण वाचता येत नाही. अक्षरं लहानपणच्या त्या पोरानंच शिकली होती, त्याच्याबरोबर गेली. आश्रुबा निरक्षर. कडूबाई वाचणारं माणूस आणायला धावली आहे —

तो लाकडी पोरगा खुंटीवर नाही. धुळीत बसलाय. दोऱ्या सैल. बोटानं ग गिरवतोय — मग म — गिरवलं की ते अक्षर माझ्या हातातून —

कडूबाई, लवकर —

दारात पावलं वाज