चोंग्यांचं ताट

अम्मा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि काल कॉलेजची पोरं तुझी चौकशी करत घरी आली. कबनूरच्या मुसलमानांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून जमवतायत म्हणे. आपण अजून इथंच राहतोय, शेजारी माग खडखडतायत, आणि आपल्या आठवणी जमवायला सुरुवातही झाली.

मोबाईल धरून पुढे बसली होती शेजारच्या काकूंची नात. तुझ्या चुलीपुढे बसून मोहरमचे चोंगे लाटायच्या, त्याच काकू. गुळाची कणीक, वर खसखस, आणि पहिलं ताट त्यांच्या घरी. एकदा मी त्या ताटातला एक उचलते आणि तू हातावर लाटणं मारतेस. "आधी शेजार, मग घर. कळत न्हाय व्हय?" काकू हसतायत, तुझी पाठ वळली की अर्धा चोंगा माझ्या हातात कोंबतायत.

आता काकूही नाहीत. मागच्या मोहरमला मी नेमानं ताट पाठवलं. थोड्या वेळानं ही नातच ते परत घेऊन आली. "चाची, दादा नगं म्हणतोय. तुमच्यातलं खायचं न्हाय म्हणतोय." वरचा रुमालसुद्धा हललेला नव्हता. काकूंनी आपलं ताट कधी रिकामं परत पाठवलं नाही. हेही रिकामं नव्हतंच म्हणा.

तर काल तीच पोरगी विचारते, "चाची, पूर्वी आपल्यात किती एकोपा होता, ते सांगा की."

म्हटलं, "पूर्वीचं कशाला? मागल्या मोहरमचंच सांगते."

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. मान खाली घालून म्हणाली, "ते नगं, चाची. घरातले ऐकतील. जुनंच सांगा."

मला तिचा नाही, तुझा राग आला. आधी शेजार, हे तू लाटणं मारून शिकवलंस. शेजारानंच दार लावलं तर काय करायचं, ते मात्र न सांगताच गेलीस. मेलं मन अजून त्या दाराकडेच बघतं.

मग मी जुनंच सांगितलं. काकूंच्या बाळंतपणात तू त्यांच्या उशाशी बसून होतीस, तुझ्या मयतीदिवशी त्यांनी घरची चूल पेटवली नाही, सगळं. पोरगी मोबाईल धरूनच रडायला लागली. बाकीच्यांना वाटलं, बाई किती मायेनं बोलतायत.

हे पत्र पाठवायचं कुठं? आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. म्हणून लिहिते. ती रडावी, एवढ्यासाठीच मी सांगत होते.