उंदीर खोटे नव्हते

मी, डॉ. शिवकन्या गुरुपादप्पा बिराजदार, वय ६९, निवृत्त परजीवीशास्त्रज्ञ, राहणार उदगीर, जि. लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. शंका असल्यास पुतण्याला विचारावं. तो हेच तपासायला येत असतो.

१. सदर पुतण्या अमरेश. दारातूनच "आत्या, तब्येत कशी हाय?" विचारतो आणि भिंती न्याहाळतो. बैठकीतलं घड्याळ त्याला द्यावं. वाट पाहायचा त्याला सराव आहे.

२. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी शेवटची विद्यार्थिनी रेणुका सूर्यवंशी, रा. देगलूर, हिला. अट एकच: तिने माझा उंदरांचा प्रयोग पुन्हा करावा.

स्नायूंत घर करणाऱ्या जंताची लागण मी दोन गटांतल्या उंदरांना केली होती. एका गटात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी होत्या, दुसऱ्यात जन्मतःच नव्हत्या. या पेशी जंत मारतात, असं आमचं पुस्तक सांगे. म्हणजे पेशी नसलेल्या उंदरांत जंत माजायला हवे होते. तिथेच ते मेले. पेशी असलेल्या उंदरांत मात्र खुशाल नांदले. या राखणदार पेशीच जंतांना सांभाळत होत्या.

विभागप्रमुख डॉ. रामलिंग शेटकार हसले. "म्याडम, राखणदार काढल्यावर चोर मरतेत व्हय? पिंजऱ्याच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात तुमच्या." मी लातूरला गेले असता त्यांनी स्वतः त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. परत आल्यावर मला सांगितलंही, वर उपकार केल्याच्या थाटात. पुस्तक खरं ठरलं, सरांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि बिराजदार बाईंना चिठ्ठ्यासुद्धा लावता येत नाहीत हे सगळ्या विभागात पसरलं. तो अपमान मला अजून पचलेला नाही.

३. मायक्रोस्कोपही रेणुकाचाच. शेटकारांनी मागितला तरी देऊ नये. डोळ्यांना दिसलेलं ज्यांना पटत नाही, त्यांना तो काय कामाचा?

४. मला आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे समाधी द्यावी. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर शेटकारांच्या हाती माईक देऊ नये.

५. निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी घर रेणुकाचंच. तिने समाधीपाशी येऊन खरं काय ते सांगावं. सर बरोबर निघाले तर तेही सांगावं, मी ऐकून घेईन.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली आहे.

(सही) शिवकन्या गु. बिराजदार
उदगीर, दि. १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. मन्मथ कोरे, औषध दुकानदार, शेजारी. (सही)
२. डॉ. रामलिंग शेटकार, निवृत्त विभागप्रमुख. (सही) यांनी मजकूर वाचला नाही. "वाचायचं काय त्यात म्याडम, कुठं सही करू ते सांगा," म्हणाले.