हिरवं दार, एकाच लेयरवर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

नवीन काम आलं. शीतगृहाची फिल्म, चाळीस सेकंदांची. थंडाव्यासाठी तिथे अमोनिया वापरतात. तो गळला तर कामगारांनी कुठून बाहेर पडायचं, एवढंच दाखवायचं. कॉरिडॉरच्या टोकाला दोन दारं. एक हिरवं, ते मैदानात उघडतं. दुसरं मशीन रूमचं, म्हणजे जिथून गॅस येणार तिथलंच. माणूस चालत येतो, हिरव्या दारातून बाहेर पडतो, हात वर करतो. संपलं. माझ्यासाठी हा डाव्या हातचा मळ.

काम मेहुण्यामुळे मिळालं. बायकोचा हा धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वी तिथे लागलाय, अजून कायम व्हायचाय. त्याने सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगितलं, आमचे भाऊजी फिल्म करतात. साहेब गळ्यात कायम शिट्टी घालून असतात. मी त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो. मनात. २७ तारखेला त्यांची ड्रिल आहे, त्याआधी फिल्म कॅन्टीनच्या स्क्रीनवर दिवसभर फिरत राहणार.

संकल्प : रोज सहाला उठणे. फाइलींना शहाण्यासारखी नावं देणे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच फायनल’ हे प्रकार बंद.

४ फेब्रुवारी

उठलो साडेआठला. पण ताजातवाना.

माझ्याकडे फक्त हालचाल, चित्रं एका चित्रकार बाईंची. त्यांची फाइल आली. बाई म्हणे शीतगृहात दोन दिवस टेप घेऊन फिरल्या. चौसष्ट लेयर! दार वेगळं, दाराची मूठ वेगळी. माणसाचा दंड, कोपरापुढचा हात, पंजा, सगळं सुटं. हेल्मेटचा पट्टासुद्धा. सोबत चिठ्ठी : प्रत्येक लेयरला नाव दिलंय, लेयर ठेवूनच आयात करा, नावं वाचा, काहीही उलटवू नका.

बारा वर्षं मी हे काम करतोय, आणि मला सांगतात नावं वाचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

५ फेब्रुवारी. दुपार

फाइल आयात केली. कॉम्प्युटर विचारतो, लेयरसकट हवी की सगळं मिळून एकच चित्र? लेयरसकट म्हटलं की चौसष्ट ओळी उघडणार. एकच चित्र म्हटलं की एक ओळ. सर्व बाजूंनी विचार करून एकच चित्र घेतलं. विचाराला चार सेकंद लागले.

फाइल जड होती म्हणून मूळ फाइलमधलेही लेयर एकत्र करून त्याच नावाने सेव्ह केली. आता कशी सुटसुटीत झाली.

६ फेब्रुवारी

किरकोळ अडचण. माणूस चालत नाही. त्याचे हातपाय भिंतीला आणि भिंत त्याला, सगळं एकमेकांना चिकटलेलं.

अनुभव अशा वेळी कामी येतो. टूथपेस्टच्या जुन्या जाहिरातीतला माझा माणूस काढला. चालतो छान. त्याच्या हातातला ब्रश काढून डोक्यावर हेल्मेट चढवलं, छातीवर कंपनीचं नाव टाकलं. फक्त तो हसतो. सगळे दात दाखवत. हसू पुसायला दोन तास घालवले, जात नाही. असू दे.

बाईंचा माणूस चित्रातून काढता येत नव्हता, म्हणून त्याच्यावर एक कपाट ठेवलं. कपाटाच्या कडेतून त्याचा एक बूट दिसतो. कोण बघतंय?

७ फेब्रुवारी. संध्याकाळ

आणखी एक किरकोळ अडचण. टूथपेस्टवाला डावीकडे चालतो. हिरवं दार उजवीकडे. हा गडी हसत हसत मशीन रूममध्ये शिरतो.

त्याला उलटा केला तर छातीवरचं कंपनीचं नाव उलटं होतं, आणि नाव चुकलं तर शिट्टीसाहेब मला उभा फाडतील. मग मागचं चित्रच उलटवलं. एक क्लिक! हिरवं दार डावीकडे आलं. पाट्यांची अक्षरं उलटी झाली, त्यांवर नवीन सुलट पाट्या चिकटवल्या. आता कुणाच्या बापालाही कळणार नाही.

बाईंनी लिहिलं होतं, उलटवू नका. पण चित्रकारांना चित्र कळतं, हालचाल कळत नाही. माणूस हिरव्या दारातून बाहेर पडतो. मुद्दा पोचला.

१० फेब्रुवारी

शिट्टीसाहेबांनी फिल्म फोनवर बघितली, गाडीत बसून. तीन सूचना. हेल्मेट नारिंगी नको, पिवळं करा. कंपनीचं नाव मोठं करा. माणसाचं हसू ठेवा, कामगारांना धीर येईल. दाराबद्दल एवढंच विचारलं की हिरवं आहे ना. म्हटलं, हिरवं आहे.

मंजूर. घोडं गंगेत न्हालं. उद्यापासून सहाला उठणार.

१३ फेब्रुवारी

मेहुणा जेवायला आला होता. म्हणाला, भाऊजी, सगळ्यांना तोंडपाठ झालीय तुमची फिल्म. चहाला बघतो, जेवताना बघतो. पोरं तर त्या माणसासारखं हसत चालून दाखवतात. मग त्याने आमच्याच बैठकीत प्रयोग केला. डोळे मिटले, बायकोला म्हणाला, ताई, शिट्टी वाजव. तिने तोंडाने वाजवली. हा चार पावलं धावला, डावीकडे वळला आणि थेट न्हाणीघराच्या दारावर आपटला. आम्ही पोट धरून हसलो.

कपाळाला टेंगूळ आलं त्याच्या. म्हणाला, बघा, डोळे मिटूनसुद्धा पाय बरोबर वळतात.

माझ्या कामाचा असा परिणाम मी प्रथमच डोळ्यांनी पाहिला. झोपताना मात्र उगाच ते न्हाणीघराचं दार आठवत राहिलं.

१७ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. तिथल्या दोन जुन्या कामगारांचं म्हणणं, बाहेरचं दार उजवीकडे आहे. पोरांनी त्यांना स्क्रीनसमोर उभं केलं. त्यांनी फिल्म दोनदा बघितली. एक जण म्हणाला, कंपनीने काहीतरी बदललं असेल, आपल्याला कोण सांगतंय? मेहुण्याची आणि बाकी पोरांची ड्यूटी आतल्या भागात, त्या टोकाला ती कधी गेलेली नाहीत. जायला परवानगीच नाही.

मी म्हटलं, जुनी माणसं अशीच, नाचता येईना अंगण वाकडं. तो हसला. मी पण हसलो.

रात्री जेवण गेलं नाही. वांगं बाधलं असणार.

१९ फेब्रुवारी. सकाळी ११

चित्रकार बाईंचा फोन. कुणीतरी त्यांना फिल्म पाठवली. म्हणाल्या, तुम्ही चित्र उलटवलंत. मी म्हटलं, ती मांडणीची गरज होती. त्या म्हणाल्या, मी चित्र कामगाराच्या नजरेतून काढलंय, तो चालत येतो तेव्हा जे उजवीकडे असतं तेच उजवीकडे. लेयरचं नावच होतं, ‘उजवं दार, बाहेर’. दुसऱ्याचं, ‘डावं दार, मशीन रूम, इकडे जायचं नाही’. तुम्ही वाचलं नाहीत?

मी म्हटलं, वाचलं होतं.

त्या म्हणाल्या, मी साहेबांना सांगू की तुम्ही सांगता? म्हटलं, मीच सांगतो, आजच.

त्याच दिवशी दुपारी

सांगण्याआधी दुरुस्त फिल्म तयार असावी. चूक आणि उपाय एकदमच पुढे ठेवावा. ही व्यावसायिक पद्धत.

मूळ फाइल उघडली. एकच लेयर. कपाटाखाली, बुटाखाली, कुठेही काही सुटं नाही. बाईंकडे मूळ प्रत असणार, पण त्यांच्याकडे मागायची म्हणजे कबूल करायचं. मी स्वतः पुन्हा काढेन. दोन दिवसांचं काम.

२३ फेब्रुवारी

दोन दिवसांचे चार झाले. माझं दार दारासारखं दिसत नाही, फळ्यासारखं दिसतं. माणसाचा गुडघा उलटा वाकतो.

साहेबांना अजून फोन केलेला नाही. दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. बायको म्हणाली, चेहरा का उतरलाय? म्हटलं, उंच उशीमुळे.

२५ फेब्रुवारी

शेवटी बाईंकडे फाइल मागितली. पाच मिनिटांत आली. लेयर ठेवून आयात केली, नावं वाचली. हात खांद्यातून फिरतो, पाय कमरेतून, दार बिजागरीवर उघडतं. सकाळी बसलो, संध्याकाळी फिल्म तयार. सहा दिवस मी काय करत होतो?

बाईंनी विचारलं, सांगितलंत ना? मी अंगठा पाठवला.

२६ फेब्रुवारी. दुपारी ४

शिट्टीसाहेबांना नवीन फिल्म पाठवली. सोबत लिहिलं, रंग सुधारून सुबक आवृत्ती पाठवतोय, आजच लावावी. त्यांचं उत्तर आलं, स्क्रीनचा पेनड्राइव्ह इलेक्ट्रिशियन बदलतो, तो शनिवारी येईल, रंगांची एवढी काय घाई?

घाई कसली ते लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. उद्या नुसती ड्रिल आहे. खरा गॅस नाही. मशीन रूमला कुलूप असतं. काय होणार आहे?

मेहुण्याला फोन करून म्हटलं, उद्या उजवीकडे वळ. तो म्हणाला, भाऊजी, मस्करी करू नका, उद्या सगळ्यांच्या पुढे मला धावायचंय, साहेबांनी माझं नाव दिलंय, चांगली झाली तर कायम करतील. म्हटलं, अरे, खरंच उजवीकडे. तो म्हणाला, तुमची फिल्म तुम्हीच विसरलात, आणि हसत फोन ठेवला.

पुन्हा लावायला हवा होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दहाला भोंगा झाला. एक्कावन्न माणसं. शिट्टीसाहेबांनी सरावासाठी धूर सोडला होता, खोटा, पांढरा. समोरचं दिसत नव्हतं. त्रेचाळीस जण डावीकडे वळले. सगळ्यांत पुढे माझा मेहुणा. दाराला कुलूप. मागच्यांना ते कळलं नाही, ते ढकलत राहिले. आठ जण उजवीकडून बाहेर आले, त्यांत ते दोघे जुने. त्यांनी आत परत जाऊन ओरडून ओरडून बाकीच्यांना मागे फिरवलं. अकरा मिनिटं लागली.

मेहुण्याचं मनगट मोडलं, दोन बरगड्यांना तडा. बाकीच्यांना खरचटलं.

बायको दवाखान्यात आहे. मीही जाणार आहे. आत्ता कपडे सापडत नाहीयेत.

२ मार्च, सोमवार

आज तिथे चौकशी झाली. इलेक्ट्रिशियन शनिवारी येऊन पेनड्राइव्ह बदलून गेला होता. शिट्टीसाहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून फिल्म दाखवली. माणूस चालत येतो, उजवीकडे वळतो, हिरव्या दारातून बाहेर. साहेबांनी विचारलं, यात डावीकडे कुठे आहे? पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग साहेबांनी विचारलं, पुढे कोण होतं?

हे सगळं मला बायकोने सांगितलं. मी भाजी निवडत होतो. निवडत राहिलो.

संकल्प : उद्या सकाळी जाऊन सगळं सांगायचं. लेखी. सहाला उठून.

३ मार्च

उठलो सहाला. गेलो नाही.

५ मार्च. संध्याकाळ

मेहुणा आला. हात गळ्यात बांधलेला. समोर बसला, चहा तसाच ठेवला. म्हणाला, भाऊजी, मी आज पुन्हा कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो, अकरा वेळा फिल्म बघितली. मला शपथेवर आठवतं तो डावीकडे वळायचा. हसायचासुद्धा. आता हसत नाही. पोरं म्हणतात, आम्हालाही तसंच आठवतं, पण साहेबांपुढे कोण बोलणार? मला रात्री झोप लागत नाही. डोक्यात काही बिघडलंय का माझ्या? माझ्यामागून बेचाळीस माणसं गेली. खरा गॅस असता तर?

मग म्हणाला, तुम्हीच केलीय, तुम्हाला माहीत असणार. पहिल्यापासून उजवंच होतं ना?

बायको दारात उभी होती.

मी म्हटलं, हो.

तो म्हणाला, मग माझंच चुकलं. त्याने खिशातून राजीनामा काढला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून मला म्हणाला, तुम्हीच हात धरून सही करवून घ्या. मी त्याचा डावा हात धरला आणि सही करवून घेतली.